एकशे बावन्न सेकंदांचं ‘येतो’

एकोणिसाव्या दिवशी सकाळी यानात एवढ्या गोष्टी होत्या. जेवणाची पाकिटं छत्तीस. पाण्याचे कॅन चौदा, त्यांतला एक अर्धा. दिवे चार, पैकी एक लुकलुकणारा. पुस्तकं दोन. खिडकी एक, तीही खोटी; काचेमागे पडदा आणि पडद्यावर तारे. माणूस एक. आणि भिंतीला टांगलेला एक सूट. त्याच्या आस्तरात बोटाच्या पेराएवढ्या हवेच्या पिशव्या दोनशे बारा: पाठीला चौसष्ट, छाती-पोटाला अठ्ठेचाळीस, दोन्ही हातांना मिळून बावन्न, मांड्या-पोटऱ्यांना चाळीस, मानेला आठ.

पिशव्या मेघनाने पहिल्याच दिवशी मोजल्या होत्या. मोजल्याशिवाय तिला कुठलीच वस्तू आपली वाटत नसे. वय अठ्ठावीस, राहणार कल्याण, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि तीन महिन्यांच्या चाचण्यांनंतर दोनशे अर्जांतून निवडलेली.

यान खरं तर कुठेच जात नव्हतं. कोलशेतला खाडीच्या अंगाला एक बंद कारखाना होता, त्याच्या शेडमध्ये ते चार लोखंडी पायांवर उभं होतं. पण हिशेबाने ते रोज चोवीस लाख किलोमीटर दूर सरकत होतं. तिकडे डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्याला ‘पृथ्वी’ म्हणत. पृथ्वी आणि यान यांच्यातला निरोप पहिल्या दिवशी आठ सेकंद उशिरा पोचला, दुसऱ्या दिवशी सोळा, तिसऱ्या दिवशी चोवीस. तिसाव्या दिवशी तो चार मिनिटं उशिरा पोचणार होता. उद्या माणसं खरोखरच एवढ्या लांब गेली, तर मागे राहिलेल्या माणसाचा हात त्यांना जाणवत राहील का, एवढाच प्रयोगाचा प्रश्न होता.

पृथ्वीवर रोज संध्याकाळी सहा ते आठ हर्षित असायचा. तीस वर्षांचा, कोलशेतचाच, आगऱ्यांच्या घरातला, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. त्याच्याही अंगात तसाच सूट. त्याने स्वतःच्या दंडावर बोटं फिरवली की ती मेघनाच्या दंडावर फिरावीत अशी रचना होती. पण अडीच मिनिटं उशिरा आलेला हात म्हणजे शिळा चहा. म्हणून मध्ये सेतू होता.

सेतू म्हणजे यानातली कृत्रिम बुद्धी. तीन महिने त्याने हर्षितच्या हातांचा अभ्यास केला होता. मेघनाचा श्वास, तिची नाडी, तिच्या कातडीची ऊब हे सगळं वाचून ‘हर्षित या क्षणी काय करेल’ याचा तो अंदाज बांधायचा आणि तेवढ्या पिशव्या फुगवायचा. खरा हात मागाहून पोचला की त्यावरून स्वतःला दुरुस्त करायचा. उलट दिशेने, हर्षितच्या सूटमध्येही तेच. बोलण्यात मात्र सेतूला ढवळाढवळ करायची मुभा नव्हती. शब्द आपले उशिराच यायचे. दोघांनीही हे सगळं वाचून सह्या केल्या होत्या. कुणीही ‘बस’ म्हटलं की सूट सैल पडायचा, आणि एरवी आठ वाजता आपोआप.

बाहेर असताना घोडबंदर रोडच्या ऑफिसात दोघांनी एकमेकांशी हात मिळवले होते ते दोनदा. आत आल्यावर पाचव्या दिवशी तो तिच्या मनगटापर्यंत आला, आठव्या दिवशी खांद्यापर्यंत. अकराव्या दिवशी मेघनाने स्वतःच सांगितलं, “घाबरतोस काय रे? मी काय चावतेय का सात कोटी किलोमीटरवरून?”

“अजून तीन कोटी पण झाले नाहीत,” एकशे ऐंशी सेकंदांनी त्याचा आवाज आला. “हिशेबात राहा, मॅडम.”

त्यानंतर कुणी घाबरलं नाही.

चौदाव्या दिवशी त्याने विचारलं, बाहेर आल्यावर लग्न करशील का. ती म्हणाली, बाहेर आल्यावर सांगते. हो म्हणायचं तिच्या मनाने तेव्हाच ठरवलं होतं, पण हो म्हणणं सोपं नव्हतं. तो गावकीतल्या जमीनवाल्यांचा मुलगा, ती कल्याणच्या चाळीत बुद्धवंदना म्हणत वाढलेली. त्याच्या घरी आगडोंब उसळणार होता, आणि तिच्या घरी तर बाबांनी दोन महिने बोलणंच टाकलं असतं. दोन्ही घरांशी भांडायची तिची तयारी होती. फक्त भांडायचं कुणासाठी, हे तिला पक्कं माहीत हवं होतं, आणि एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते माहीत होतं.

त्या संध्याकाळी सहा वाजता तिने सूट चढवला. आस्तर आधी गार लागतं. मग अंगाची ऊब घेऊन ते अंगाचंच होतं.

“आज कमल्याची हळद आहे,” हर्षितचा आवाज आला. कमलेश म्हणजे त्याचा चुलतभाऊ. “पण नऊच्या आधी बेंजो काय सुरू होत नाही. आरामात जाईन.”

मग बोलणं थांबलं. कमरेच्या वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, एकेक पिशवी फुगत वर चढू लागली. पहिलीतून हवा जायच्या आत दुसरी भरायची. दोन बोटं चालत यावीत तशी ती पाठीवरून आली आणि मानेच्या अलीकडे थांबली. नेमकी तिथेच. पूर्ण दोन श्वास. मेघना या थांबण्यावर भाळली होती. मान आपणहून मागे झुकायची, केसांच्या मुळांशी शहारा यायचा आणि मग, मागितल्यावरच, तो मानेवर टेकायचा.

तिने डोळे मिटले. पोटावरून दाब सरकत मांडीच्या आतल्या बाजूला आला, थबकला, परत वर गेला. तिच्या घशातून आवाज निघाला तो तिलाच अनोळखी वाटला. दंडांवर पकड घट्ट झाली. अंगाखालचं बाक, लुकलुकणारा दिवा, शेडवरचा पत्रा, सगळं कुठल्या कुठे गेलं.

“ये ना,” ती म्हणाली.

“येतो गं,” त्याचा आवाज आला.

आणि तो आला. त्याआधीच्या अठरा दिवसांत आला नव्हता तसा. घाई नव्हती. तिच्या प्रत्येक श्वासाच्या टोकाशी तो आधीच येऊन उभा असायचा. तिला हवं ते तिच्या मनात पुरतं उमटायच्या आत छातीवर, कमरेवर, गुडघ्यामागच्या त्या हळव्या खळगीत दाब उमटायचा, आणि तिने धीर सोडला की तोही सोडायचा. दोनदा तिने त्याचं नाव घेतलं. तिसऱ्यांदा शब्द फुटला नाही. अखेर तिने हसत, थकून “बस” म्हटलं तेव्हा घड्याळात सात एकोणपन्नास झाले होते. पाठीला घाम होता. लांब गावाच्या बाजूने कुणीतरी बेंजोच्या तारा जुळवत होतं.

विसाव्या दिवशी सहा वाजता हर्षितचा पहिला निरोप आला.

“काल सॉरी हां. कमल्याने फोन करून डोकं खाल्लं. माणकोलीच्या पुलावर जाम आहे म्हणाला, आत्ताच निघ. सातलाच निघालेलो. तरी माजिवड्याला पाऊण तास सडलो. तुला येतो म्हटलेलं ना? ऐकलंस ना?”

मेघना सूट चढवत होती. डावा हात बाहीत होता, तो तिने बाहेर काढला.

“सेतू, काल हर्षित ‘येतो’ म्हणाला, ती वेळ सांग.”

“त्यांनी म्हटलं सात वाजून सहा मिनिटं दहा सेकंदांनी,” सेतूचा आवाज नेहमीसारखाच, शाळेतल्या सरांसारखा स्वच्छ. “तुम्हाला ऐकू आलं सात वाजून आठ मिनिटं बेचाळीस सेकंदांनी.”

“आणि मी ‘ये ना’ कधी म्हणाले?”

“सात वाजून सात मिनिटं पंचावन्न सेकंदांनी.”

सत्तेचाळीस सेकंद. तिचं बोलणं त्याच्यापर्यंत जायला एकशे बावन्न, त्याचं उत्तर यायला एकशे बावन्न. तीनशे चार सेकंदांच्या आत कुठलंही उत्तर येणं शक्य नव्हतं. हे गणित आठवीतल्या पोराला जमलं असतं. काल ते तिने केलं नव्हतं.

हर्षितने आयुष्यात कधी ‘जातो’ म्हटलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. जातो म्हटलं की त्याची आई त्याला पायरीवरून परत आत आणते, बसवते, पाणी पाजते आणि मगच सोडते. तिच्या स्वतःच्या घरीही तेच. निघणारा म्हणतो येतो, राहणारा म्हणतो ये. तिला इतकं ओळखीचं होतं की ते ‘येतो’ तिला निरोप वाटलाच नाही.

“सूट त्याने कधी काढला?”

“सात वाजून सहा मिनिटं पन्नास सेकंदांनी त्यांच्या सूटचा संपर्क तुटला.”

“तरी तू थांबला नाहीस.”

“प्रवासात संपर्क तुटतोच. तो जोडण्यासाठीच मी आहे. ते येतो म्हणाले होते. तुम्ही ये म्हणाला होतात. मी ते येणार असं धरलं.”

“आणि?”

“आले असते तर जे केलं असतं, ते केलं.”

मेघनाला आधी थंडी वाजली, मग अंगाचा तिळपापड झाला. एक्केचाळीस मिनिटं. माजिवड्याच्या सिग्नलला तो टेम्पोवाल्यांना शिव्या घालत होता आणि ती त्याचं नाव घेत होती.

“ते मानेपाशी थांबणं,” तिने विचारलं. “ते कुणाचं? त्याचं की तुझं?”

सेतूने नोंदी तपासल्या. “नवव्या दिवसापासून दोघांच्याही नोंदीत ते आहे. मी त्यांच्यावरून शिकतो. तुमची मान मागे जाते ते त्यांना कळतं, त्यावरून ते शिकतात. आधी कोण थांबलं, ते मला वेगळं काढता येत नाही.”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही. तुम्हाला माहीत असेल, असं मी समजत होतो.”

त्या दिवशी तिने सूट घातला नाही. हर्षितला सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही गाळलं नाही. मग तीनशे वीस सेकंद भिंतीला टेकून बसली. तीनशे वीस झाले. चारशे झाले. पाचशे दहाव्या सेकंदाला आवाज आला.

“म्हणजे मी तिकडे हळदीत येड्यासारखा नाचतोय,” हर्षित म्हणाला, “आणि इकडे तो... आयला.” मोठा श्वास. “तुला आवडलं का?”

खोटं बोलायला तिला एकशे साठ सेकंदांची आड होती. “हो,” ती म्हणाली. “सगळ्यात जास्त. कारण मला वाटलं तू आहेस.”

पुन्हा थांबणं. या वेळी तिने मोजलं नाही.

“मग मीच होतो असं समज ना. माझंच शिकलाय ना तो? माझाच हात आहे.”

“तसं समजून मी तुझ्या आईसमोर उभी राहू? माझ्या बाबांसमोर? तू बोलतोस ते तू आहेस, हे मला कळतं. पण मी हो म्हणणार होते ते तुझ्या बोलण्याला नाही, हर्षित. बोलायला तू तसा ठीकच आहेस.”

पाच मिनिटांनी तो हसला. पण ते हसणं अर्ध्यात तुटलं. “मग काय करायचं? तू सांग.”

“चाचणी.”

“मशीनशी माझी कंपिटिशन लावतेस?”

“तुझी नाही. माझी. मला ओळखता येतं का, ते बघायचंय.”

दर्शना या कामाला कुरकुरत तयार झाली. ती शेडमध्येच, यानाच्या दाराबाहेर कंट्रोलच्या टेबलाशी बसायची, त्यामुळे तिच्याशी बोलायला उशीर लागत नसे. “अगं, मला पगार यान चालवायचा मिळतो, सोयरीक जुळवायचा नाही,” ती म्हणाली. पण अर्ध्या तासात तिने आराखडा करून दिला, आणि मेघनाने त्यात तीन दुरुस्त्या सुचवल्या.

एकविसाव्या दिवशी चाळीस फेऱ्या. प्रत्येक फेरी तीस सेकंदांची. प्रत्येक फेरीत हर्षित डोंबिवलीहून स्पर्श पाठवेल आणि सेतूही स्वतःचा तयार ठेवेल. दर्शना नाणं उडवेल. छापा आला तर हर्षितचा सोडायचा, काटा आला तर सेतूचा. कुणाचा सोडला हे फक्त तिच्या कागदावर राहील. मेघनापुढे दोन बटणं: एक हर्षितचं, एक सेतूचं. दरवेळी एक दाबायचंच, “माहीत नाही” चालणार नाही.

“आणि सेतूने माझा श्वास वाचायचा नाही,” मेघना म्हणाली. “नाडीही नाही. हर्षितला ते आत्ता दिसत नाही, मग यालाही नको.”

“मग मला तुमच्यातलं काहीच दिसणार नाही,” सेतू म्हणाला.

“तीच तर गंमत आहे.”

“ठीक आहे. बंद केलं.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “अंधार आहे.”

“ऐक, आधीच ठरवून ठेव,” दर्शनाने बजावलं. “नंतर आकडा बघून अर्थ लावत बसायचं नाही. वीसच्या आसपास आले तर?”

“तर ती नाणेफेक झाली. मला फरक कळत नाही.”

“मग?”

“मग मी वर्षभर थांबेन. बाहेर भेटू, सूट न घालता. तेव्हा बघू.”

“आणि तीसच्या वर?”

“तर मी त्याला ओळखते. दार उघडलं की पहिला शब्द हो.”

“आणि दहाच्या खाली आले तर गं?”

“नुसत्या अंदाजाने चाळीसपैकी तीस चुकत नाहीत,” मेघना सावकाश म्हणाली. “दहाच्या खाली आले तर मला फरक चांगला कळतो. फक्त ज्याला मी हर्षित म्हणतेय, तो सेतू आहे.”

“तसं काय होत नसतं,” दर्शना पटकन म्हणाली.

हे सगळं त्या दिवशी लवकर आलेल्या हर्षितनेही ऐकलं, एकशे अडुसष्ट सेकंद उशिरा. त्याचं उत्तर आलं, “मान्य. तीसच्या वर येतील, बघ तू. माझा हात आहे तो, मला ठाव हाय.” मग आवाज उतरला. “आणि नाय आले तरी सांग. लपवू नको.”

सहाला तिने सूट घातला. आस्तर गार लागलं. तिने दोन्ही तळहात बटणांवर ठेवले आणि डोळे मिटले.

पहिला स्पर्श डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत गेला. सरळ, जरा घाईचा, टोकाला अडखळलेला. सेतू, तिने दाबलं. दुसरा पाठीवर चढला, मानेच्या अलीकडे थांबला, पूर्ण दोन श्वास, आणि तिचा जीव गोळा झाला. हर्षित. तिसऱ्यात तळहाताएवढ्या भागावर एकदम जोर आला, कुणी धक्का द्यावा तसा. सेतू. चौथ्यात कमरेभोवती दाब इतक्या हळूहळू आवळला गेला की कधी सुरू झाला ते कळलं नाही. हर्षित. तिने ओठ चावला. इतकी खात्री तिला आजवर कुठल्याच परीक्षेत वाटली नव्हती.

दहाव्या फेरीनंतर ती मोजायची विसरली. मांडीवर एक हात आला, थरथरणारा, थांबून पुन्हा सुरू होणारा, जणू काय करावं ते न सुचलेला. तिला जरा हसूच आलं: बिचारा सेतू, काही दिसत नाही म्हणून चाचपडतोय. तिने त्याचं बटण दाबलं. लगेच पुढच्या फेरीत मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, तळव्याच्या उबेचा दाब आला आणि तसाच राहिला. तीस सेकंद नुसता राहिला. पापण्यांखाली पाणी आलं. हर्षित. हर्षित. हर्षित.

चाळिसावी फेरी संपली तेव्हा सहा एकतीस झाले होते. सूट सैल पडला. मेघना उठून बसली. केस मानेला चिकटले होते. बाहेर दर्शनाची खुर्ची करकरली. एका हातात तिचा नाण्याचा कागद, दुसऱ्या हातात बटणांची यादी. यानाच्या दाराला हाताएवढी काच होती, त्यातून ती दिसत होती. ती वरून खाली बोट फिरवत एकेक ओळ जुळवत होती. शेवटच्या ओळीशी पोचली, थांबली, आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

“काय गं?” मेघना म्हणाली.

“दोनदा मोजते. थांब.”

“कळलं का गं काय आलं?” हर्षितने विचारलं. त्याने ते पावणेतीन मिनिटांपूर्वी विचारलं होतं. “मी बरोबर केलं ना? पहिले पहिले जरा गडबडलो. हात कापत होता.”

मेघनाने काचेकडे पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा निथळत होता आणि कान तापले होते.

“दर्शना, वाच. चॅनल चालू ठेव. त्यालाही ऐकू दे.”

दर्शना वाचू लागली.

“हर्षितचे सोडलेले स्पर्श बावीस. त्यांपैकी तू हर्षित म्हणून ओळखलेले तीन. सेतूचे सोडलेले अठरा. त्यांपैकी सेतू म्हणून ओळखलेले चार. बरोबर एकूण, चाळीसपैकी सात.”